प्लाझ्मॉनिक उपकरणातली ऊर्जाहानी: कुठे अडवायची, कुठे कामाला लावायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: काचेवर ५० नॅनोमीटर सोन्याचा थर चढवला आहे, ६३३ नॅनोमीटरचा प्रकाश वापरला आहे. हवेच्या बाजूचा पृष्ठ-प्लाझ्मॉन (धातूच्या पृष्ठभागालगत इलेक्ट्रॉनांसह धावणारी प्रकाशलहर) सूत्राप्रमाणे १० मायक्रोमीटर जायला हवा, मोजमापात जेमतेम ५ येतात. ही हानी कमी कशी करायची, आणि होणारच नसेल तर तिचा काही उपयोग करता येतो का?

आधी त्या ५ मायक्रोमीटरकडे बघू, कारण त्यात बराच धडा दडलेला आहे. जॉन्सन आणि क्रिस्टी यांच्या १९७२ च्या मोजमापांनुसार ६३३ नॅनोमीटरला सोन्याच्या पारविद्युत स्थिरांकाचा (पदार्थ विद्युत क्षेत्राला कसा प्रतिसाद देतो याचं माप; काल्पनिक भाग शोषण दाखवतो) वास्तव भाग सुमारे उणे ११.७ आणि काल्पनिक भाग १.२ आहे. हे आकडे नेहमीच्या सूत्रात घातले की प्रसरण-लांबी, म्हणजे विझण्याआधी प्लाझ्मॉन जातो ते अंतर, १० मायक्रोमीटर येते. पण ते सूत्र अनंत जाडीच्या धातूसाठी आहे. तुमचा थर ५० नॅनोमीटरचा आहे आणि सोन्यात प्लाझ्मॉनचं क्षेत्र सुमारे २८ नॅनोमीटरला एक-तृतीयांशाच्या आसपास उतरतं. म्हणजे थराच्या खालच्या कडेला अजून पुरेसं क्षेत्र शिल्लक असतं, आणि काचेचा अपवर्तनांक जास्त असल्यामुळे ते प्रकाश होऊन काचेत गळतं. ५० नॅनोमीटरला ही गळती जवळजवळ धातूतल्या शोषणाइतकीच असते. एकूण हानी दुप्पट, लांबी निम्मी. तुमचा थर चांगला आहे, गणित अपुरं आहे.

हाच थर १०० नॅनोमीटर करा. गळती मूळच्या ३ टक्क्यांवर येईल आणि लांबी साडेनऊच्या पुढे जाईल. मात्र मग प्रिझममधून प्लाझ्मॉन उठवता येणार नाही, ग्रेटिंग (समांतर रेघांची रांग) किंवा खाच कापावी लागेल. हे मुद्दाम आधी सांगितलं, कारण हानी ‘जास्त’ आहे म्हणून लोक लगेच धातू बदलायला धावतात. ऊर्जा नेमकी कुठे जाते हे ठरवल्याशिवाय काहीही बदलू नका. गळती, खडबडीतपणामुळे होणारं विखुरणं, धातूतलं शोषण आणि चिकटथरातलं (धातू काचेला धरून राहावा म्हणून खाली दिलेल्या पातळ थरातलं) शोषण या चार वेगवेगळ्या वाटा आहेत आणि चौघींचे उपाय वेगळे आहेत.

गळती वेगळी काढायला गळालेला प्रकाश टिपणारा लीकेज-रेडिएशन सूक्ष्मदर्शक पुरतो, किंवा त्याच डिपॉझिशनमध्ये (थर चढवण्याच्या एकाच फेरीत) दोन जाडीचे नमुने घेतले तरी चालतं. विखुरणं डार्क-फील्डमध्ये, म्हणजे फक्त विखुरलेला प्रकाश दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकात, दिसतं. शोषण हवं असेल तर इंटिग्रेटिंग स्फिअर (सगळ्या दिशांचा प्रकाश गोळा करणारा पोकळ गोल) लागतो. नुसता पारगमनाचा आलेख शोषण आणि विखुरणं एकत्रच दाखवतो, आणि ६० नॅनोमीटरच्या वरच्या कणांमध्ये या घोटाळ्याने निष्कर्ष उलटेही होतात. सिम्युलेशनमध्ये पुस्तकातले स्थिरांक न घालता स्वतःच्या थराचं एलिप्सोमेट्रीचं (परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून केलेलं) मोजमाप घाला. शोषण आणि विखुरणं यांची बेरीज एकूण क्षीणनाइतकी येते का, हेही दर वेळी तपासा. येत नसेल तर बहुधा सिम्युलेशनची जाळी (जागेचे ज्या लहान चौकटींत तुकडे केले ती) भरड आहे. अरुंद फटीत १ नॅनोमीटर किंवा त्याहून बारीक जाळी लागते, आणि टोकदार कोपरे गोल केले नाहीत तर जाळी बारीक कराल तसं उत्तर बदलतच राहतं.

आता धातूतल्या हानीकडे. इथे एक गोष्ट पक्की समजून घेतली तर पुढची कितीतरी धडपड वाचते. साध्या प्रकाशाच्या अनुनादात ऊर्जा विद्युत क्षेत्रातून चुंबकीय क्षेत्रात आणि परत अशी ये-जा करते. तरंगलांबीहून खूप लहान जागेत क्षेत्र दाबलं की चुंबकीय क्षेत्राला ती अर्धी ऊर्जा पेलत नाही. मग ती इलेक्ट्रॉनांच्या गतिज ऊर्जेत जाते. म्हणजे निम्मा वेळ ऊर्जा धावत्या इलेक्ट्रॉनांजवळ असते, आणि ते इलेक्ट्रॉन सोन्यात साधारण १० फेम्टोसेकंदांत, चांदीत ३० च्या आसपास कशावर तरी आदळतात. आकार गोल ठेवा, त्रिकोणी करा, ताऱ्यासारखा करा, तिन्ही दिशांनी क्षेत्र दाबलंत की हानीचा वेग धातूच त्या वारंवारतेला ठरवतो. आकार फक्त वारंवारता सरकवतो. म्हणून ‘आवळलेलं आणि बिनहानीचं’ अशी रचना शोधण्यात महिने घालवू नयेत, हे माझं स्पष्ट मत आहे.

धातू निवडताना आंतरपट्ट संक्रमण (इलेक्ट्रॉन प्रकाश शोषून एका ऊर्जापट्ट्यातून दुसऱ्यात उडी मारतो ते) कुठे सुरू होतं ते पाहा. सोन्यात सुमारे २.४ इलेक्ट्रॉनव्होल्टला, म्हणजे हिरव्या प्रकाशापासून, तांब्यात २.१ च्या आसपास. चांदीत थेट ३.९ जवळ. अॅल्युमिनियमचा अडसर १.५ इलेक्ट्रॉनव्होल्टला, म्हणजे ८०० नॅनोमीटरजवळ आहे. त्याच्या पलीकडे अतिनील भागात तो चांगला चालतो. ६३३ नॅनोमीटरला चांदीचा काल्पनिक भाग ०.४८ आणि वास्तव भाग उणे १८.३ धरला तर प्रसरण-लांबी ६० मायक्रोमीटरच्या पुढे जाते. सोन्याच्या सहापट. कागदावर चांदीला तोड नाही, प्रत्यक्षात ती बनवणाऱ्याची परीक्षा पाहते.

चांदीचा थर खराब होण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे संथ डिपॉझिशन. १० च्या उणे ६ व्या घाताच्या टॉर दाबाला उरलेल्या वायूचे रेणू दर सेकंदाला पृष्ठभागावर एक पूर्ण थर बसेल इतक्या संख्येने आदळतात. चांदी सेकंदाला ०.१ नॅनोमीटरने येत असेल तर तो अर्धा अणुथरसुद्धा नाही. चांदीपेक्षा पाण्याची वाफ आणि ऑक्सिजनच जास्त येतोय. सगळे चिकटत नाहीत, पण कणसीमांवर (धातूतल्या बारीक स्फटिकांमधल्या सीमांवर) पुरेसे चिकटतात. दाब दहापट खाली आणा आणि वेग सेकंदाला २ नॅनोमीटरवर न्या, म्हणजे वायूच्या दशांश थरामागे चांदीचे आठ थर बसतात. अनेक जण सावधगिरी म्हणून वेग कमी ठेवतात. चांदी आणि अॅल्युमिनियमच्या बाबतीत ती सावधगिरीच नडते. सोनं याबाबत सहनशील आहे, सेकंदाला १ नॅनोमीटर त्याला पुरतो.

गुळगुळीतपणासाठी टेम्प्लेट-स्ट्रिपिंगइतकी सोपी आणि खात्रीची पद्धत दुसरी नाही. स्वच्छ सिलिकॉन वेफरवर चिकटथर न देता १०० ते २०० नॅनोमीटर धातू चढवायचा, वर इपॉक्सीचा थेंब आणि काचेचा तुकडा ठेवायचा, इपॉक्सी घट्ट होऊ द्यायची आणि पात्याने कडेपासून उचलून थर सोलायचा. उघडी पडलेली बाजू वेफरइतकी सपाट असते, खडबडीतपणा अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास. सोलण्याचं काम मोजमापाच्या आधी अगदी शेवटी करा, तोवर चांदी बंद पाकिटात असल्यासारखी सुरक्षित राहते. बिघडतं ते दोन ठिकाणी: थरात सूक्ष्म छिद्रं असली तर इपॉक्सी त्यांतून सिलिकॉनला चिकटते आणि थर फाटतो, आणि इपॉक्सी तापवून पटकन घट्ट केली तर आकुंचनाने थराला सुरकुत्या पडतात.

सोललेल्या चांदीवर अणुथर-निक्षेपणाने (एकेक अणुथर चढवण्याच्या पद्धतीने) २ ते ५ नॅनोमीटर अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचं ऑक्साइड) लगेच द्या, नाहीतर हवेतल्या गंधकाने ती काळवंडते. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आत ठेवा आणि ऑक्सिडंट म्हणून पाणी वापरा. ओझोनने चांदीचंच ऑक्साइड होतं. तापवून कण मोठे करण्याचा उपाय जाड सोन्याला लागू पडतो, पण काचेवरचा २० नॅनोमीटरचा थर तापवला की तो थेंबाथेंबांत गोळा होतो.

टायटॅनियम किंवा क्रोमियमच्या २ ते ५ नॅनोमीटरच्या चिकटथराबद्दल सरसकट भीती आहे, ती निम्मी खरी आहे. १०० नॅनोमीटर थराच्या वरच्या बाजूने जाणाऱ्या प्लाझ्मॉनला खालचा क्रोमियम दिसतही नाही. पण काचेवरच्या लहान अँटेनात (प्रकाश पकडणाऱ्या धातूच्या नॅनोतुकड्यात) क्षेत्र नेमकं काचेलगतच्या खालच्या कडेवर साठतं, आणि तिथे हाच क्रोमियम अनुनाद रुंद करून टाकतो. अशा ठिकाणी मर्कॅप्टोसायलेनचा (एका टोकाने काचेला, दुसऱ्याने सोन्याला धरणाऱ्या रेणूचा) एकरेणवी थर वापरावा.

कण फार लहान केले तर आणखी एक हानी जागी होते: इलेक्ट्रॉन भिंतीवर आदळतात. त्या हानीचा वेग म्हणजे फर्मी-वेग (धातूतल्या सर्वांत ऊर्जावान इलेक्ट्रॉनांचा वेग) भागिले त्रिज्या, गुणिले एकाहून कमी असा स्थिरांक. फर्मी-वेग सेकंदाला १४ लाख मीटर, त्रिज्या ५ नॅनोमीटर आणि स्थिरांक ०.३ धरला तर अनुनादाची रुंदी ०.०५५ इलेक्ट्रॉनव्होल्टने वाढते. सोन्याची मूळ रुंदीच सुमारे ०.०७ आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तोच मित्र होणार आहे.

मग रचनेने काहीच करता येत नाही का? येतं, पण त्याची किंमत आवळपणा सोडून द्यावी लागते. १५ ते २० नॅनोमीटर सोन्याची पट्टी दोन्ही बाजूंना समान अपवर्तनांकाच्या पॉलिमरमध्ये ठेवली तर १५५० नॅनोमीटरला प्लाझ्मॉन मिलिमीटरच्या पुढे जातो, कारण बहुतेक क्षेत्र धातूबाहेर असतं. दोन्ही बाजूंचा अपवर्तनांक जरा जरी वेगळा झाला की तो मार्ग तुटतो. कणांची जाळी तरंगलांबीइतक्या अंतरावर मांडली तर विखुरलेला प्रकाश एकमेकांना सावरतो आणि गुणवत्ता-गुणांक (अनुनाद किती तीक्ष्ण आहे याचं माप) शेकड्यांत जातो. २०२१ मध्ये दूरसंचाराच्या तरंगलांबीला २००० च्या वरचा गुणांक प्रसिद्ध झाला आहे. त्यासाठी जाळी मोठी हवी, येणारा प्रकाश समांतर हवा आणि वर-खाली माध्यम एकच हवं. सूक्ष्मदर्शकाच्या तीव्र भिंगाने तीच जाळी पाहिली तर अनुनाद पुसट होतो आणि दोष नमुन्याला दिला जातो.

चिपवर काम करणाऱ्यांसाठी सगळ्यात व्यवहार्य मार्ग म्हणजे धातूचा रस्ता आखूड ठेवणं. प्रकाश सिलिकॉनमधून न्यायचा आणि जिथे आवळपणाची गरज आहे तिथेच धातूत घालायचा. १०० नॅनोमीटर रुंदीच्या धातूच्या फटीत मायक्रोमीटरला साधारण अर्धा डेसिबल जातो. ऐकायला भयंकर वाटतं, पण मॉड्युलेटर (प्रकाशावर संदेश चढवणारं उपकरण) १० मायक्रोमीटरचाच असेल तर एकूण ५ डेसिबल होतात. याहून पुढची युक्ती २०१८ मध्ये दाखवली गेली: धातूचं वलय मुख्य मार्गाच्या शेजारी ठेवायचं. ‘चालू’ अवस्थेत प्रकाश वलयाला टाळून जातो, ‘बंद’ अवस्थेत वलयात शिरतो आणि तिथे संपतो. जो प्रकाश तसाही मारायचा आहे, त्यालाच हानी लागते. त्या उपकरणाची चिपवरची हानी २.५ डेसिबल होती.

लाभ-माध्यमाने, म्हणजे प्रकाश वाढवणाऱ्या माध्यमाने, हानी भरून काढण्याबाबत मी सावध आहे. १० मायक्रोमीटरच्या प्रसरण-लांबीला सेंटीमीटरमागे १००० इतका लाभ लागतो, आणि तोही क्षेत्राचा मोठा भाग लाभ-माध्यमात असेल तरच पुरतो. पूर्ण आवळलेल्या अवस्थेत हा आकडा ५००० ते १०००० वर जातो. शिवाय त्या आवळपणामुळेच उत्तेजित अणू-रेणू आपोआप लवकर विझतात, म्हणजे पंप (माध्यमाला ऊर्जा पुरवणारा प्रकाश) अधिक जोरात चालवावा लागतो आणि लाभ देणारं रंगद्रव्य फिकं पडतं. २००३ मध्ये बर्गमन आणि स्टॉकमन यांनी स्पेझरची (प्लाझ्मॉनवर चालणाऱ्या नॅनो-लेसरची) कल्पना मांडली, २००९ मध्ये ४४ नॅनोमीटरच्या कणांत ती दाखवली गेली. स्रोत म्हणून ती मोलाची आहे. तरंगवाहकाची हानी भरून काढायला मात्र तिच्यावर भिस्त ठेवू नये.

आता उपयोगाकडे. तुमचा तोच ५० नॅनोमीटरचा थर घ्या. गळती आणि शोषण समान असणं, ज्यामुळे तुमची लांबी निम्मी झाली, हेच पृष्ठ-प्लाझ्मॉन संवेदकाचं हृदय आहे. प्रिझममधून पाठवलेला प्रकाश त्या एका कोनाला जवळजवळ पूर्ण गिळला जातो आणि परावर्तनाच्या आलेखात दरी पडते. थर ३० नॅनोमीटर केला तर दरी रुंद होते, ७० केला तर उथळ. धातूत हानीच नसती तर दरीच पडली नसती.

हा समतोल सगळ्या शोषकांना लागू आहे: शोषण म्हणजे चार गुणिले विकिरण आणि शोषण या दोन्ही वेगांचा गुणाकार, भागिले त्यांच्या बेरजेचा वर्ग. विकिरणाचा वेग शोषणाच्या दुप्पट झाला तरी ८९ टक्के शोषण उरतं, तिप्पट झाला तर ७५. रचना बरीच क्षमाशील आहे. खाली १०० नॅनोमीटर सोनं, मध्ये काही दहा नॅनोमीटर ऑक्साइड, वर सोन्याचे चौकोनी तुकडे अशी मांडणी असेल तर तुकड्याच्या रुंदीने तरंगलांबी आणि ऑक्साइडच्या जाडीने समतोल जुळवता येतो. किर्खहॉफच्या नियमाने चांगला शोषक तितकाच चांगला उत्सर्जक असतो, म्हणून हीच रचना तापवून ४.२६ मायक्रोमीटरचा, कार्बन डायऑक्साइड ओळखणारा अरुंद स्रोत बनतो.

उष्णतेचं गणित करताना लोक सर्वांत जास्त चुकतात, म्हणून जरा सविस्तर. पाण्यातला ४० नॅनोमीटर व्यासाचा सोन्याचा कण हिरव्या प्रकाशाला सुमारे २,८०० चौरस नॅनोमीटरचं शोषणक्षेत्र दाखवतो. तीव्रता चौरस मायक्रोमीटरला ०.१ मिलिवॅट ठेवली तर त्याचं तापमान २ अंशांहूनही कमी वाढतं. आता तेच कण पृष्ठभागावर २०० नॅनोमीटरच्या अंतराने मांडा आणि १० मायक्रोमीटर व्यासाचा झोताचा ठिपका टाका. सुमारे दोन हजार कण एकमेकांना तापवतात आणि मध्यभागी वाढ ३० अंशांच्या जवळ जाते. एका कणाचं सूत्र वापरून ‘उष्णता नगण्य आहे’ लिहिणाऱ्याची चूक इथे पंधरापटीची आहे.

उष्णता एकाच कणाजवळ कोंडायची असेल तर पल्स वापरा. २० नॅनोमीटर त्रिज्येच्या कणापासून उष्णता पाण्यात पसरायला सुमारे ३ नॅनोसेकंद लागतात. पल्स त्याहून आखूड हवी. अतिआखूड पल्समध्ये मात्र ऊर्जा बाहेर जायच्या आत कणच मऊ होतो आणि दंडाकृती कण गोल होऊ लागतात.

उष्णतेच्या आधीची पायरी म्हणजे तप्त इलेक्ट्रॉन. प्लाझ्मॉन काही फेम्टोसेकंदांत विझून इलेक्ट्रॉन आणि होलची (इलेक्ट्रॉन निघून गेल्याने उरलेल्या रिकाम्या जागेची) जोडी सोडतो. ती जोडी काहीशे फेम्टोसेकंदांत इतर इलेक्ट्रॉनांत ऊर्जा वाटून टाकते, आणि मग पिकोसेकंदांत जालक (धातूच्या अणूंची चौकट) तापतं. पूर्ण ऊर्जेचा इलेक्ट्रॉन पकडायचा तर पहिल्या पायरीवरच पकडावा लागतो. म्हणून धातू ५ ते १० नॅनोमीटरचा ठेवावा आणि क्षेत्र अर्धवाहकाच्या सीमेवरच साठेल असं पाहावं. भिंतीवर आदळण्याची मघाची हानी इथे हवीशी आहे, कारण तिच्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन सीमेजवळच जन्मतात आणि फोटॉनची पूर्ण ऊर्जा घेऊन निघतात.

शॉट्की अडथळा (धातू आणि अर्धवाहक यांच्या सीमेवर इलेक्ट्रॉनला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा) किती ठेवायचा? १५५० नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा ०.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. सोनं आणि एन-सिलिकॉनचा अडथळा तितकाच आहे, म्हणजे ती जोडी बाद. अडथळा ०.५ असेल तर फाउलरच्या (उंबरठा ओलांडणाऱ्या इलेक्ट्रॉनांचं प्रमाण सांगणाऱ्या) अंदाजाने शोषलेल्या शंभर फोटॉनांमागे पाव इलेक्ट्रॉन मिळतो. ०.३ केला तर पाऊण टक्क्याजवळ जातो. पण त्याच बदलाने खोलीच्या तापमानाला अंधार-प्रवाह (प्रकाश नसतानाही वाहणारा प्रवाह) सुमारे दोन हजारपट वाढतो. थंड न करता चालवायचं असेल तर अडथळा कमी करण्यापेक्षा धातू अर्धवाहकात गाडून दोन-तीन बाजूंनी बाहेर पडायची वाट द्या. आणि सोन्यावर २.४ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचा प्रकाश टाकत असाल तर इलेक्ट्रॉन फर्मी पातळीच्या (धातूतल्या भरलेल्या ऊर्जापातळ्यांच्या वरच्या कडेच्या) जेमतेम वर राहतो, ऊर्जा होलकडे जाते. तिथे पी-प्रकारचा, म्हणजे होल वाहून नेणारा अर्धवाहक, उदाहरणार्थ गॅलियम नायट्राइड घ्यावा.

प्लाझ्मॉनने रासायनिक अभिक्रिया वेगवान झाली असं दिसलं, तर श्रेय तप्त इलेक्ट्रॉनांना देण्याआधी तापमान तपासा. सक्रियण ऊर्जा १ इलेक्ट्रॉनव्होल्ट असेल तर ३०० केल्विनवरून नुसत्या २० अंशांनी वेग अकरापट होतो. तीव्रता तीच ठेवून झोताचा व्यास बदलून पाहा: इलेक्ट्रॉनांचं काम असेल तर प्रत्येक कणामागचा वेग बदलत नाही, उष्णतेचं असेल तर व्यासाबरोबर वाढतो. तापमान मोजायचं ते कणांच्या थरातच. भांड्याच्या तळाला लावलेला थर्मोकपल इथे काही सांगत नाही.

उष्णतेसाठीच उपकरण करायचं असेल तर सोन्यावर हट्ट धरू नका. सोनं १०६४ अंशांना वितळतं हे ढेकळाचं खरं आहे; नॅनो आकाराचे कोपरे त्याच्या कितीतरी खाली, २०० अंशांच्या आसपासच गोल होऊ लागतात आणि अनुनाद सरकतो. टायटॅनियम नायट्राइडची दृश्य प्रकाशातली हानी सोन्याहून जास्त आहे, पण ते २९०० अंशांच्या पुढे वितळतं, आणि शोषकात ती जास्तीची हानी कामाचीच असते. हवेत तापवताना त्याचं ऑक्सिडेशन होतं, म्हणून वर अॅल्युमिनाचा थर द्या आणि पहिल्या तापवण्याच्या आधी व नंतर परावर्तनाचा आलेख घ्या. दोन आलेखांतली सरक हाच आकार टिकला की नाही याचा सर्वांत स्वस्त पुरावा आहे.